टॉवरला दुसरा शब्द

"सापडलं!" हृषीकेश दारातूनच म्हणाला, आणि वाळूनं भरलेल्या चपला पायात तशाच ठेवून घरभर फिरत राहिला.

शर्वरी एका सरकारी करारनाम्याचं भाषांतर करत बसली होती. तिनं मान वर केली. "काय सापडलं?"

"आत्ता नाही सांगणार. उद्या नांदवेळला चल माझ्याबरोबर. तिथं उभं राहून दाखवतो."

ही त्याची जुनी सवय. तो घरं बांधणारा माणूस, पण कुठलंही घर त्यानं तिला आधी कागदावर दाखवलं नव्हतं. मोकळ्या जागेत न्यायचा, हवेत हात फिरवायचा आणि म्हणायचा, इथं दार, इथं ऊन. तिला ते घर खरंच दिसायचं. म्हणून तिनंही जास्त विचारलं नाही. "बरं, उद्या जाऊ," म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना त्याच्या हातातला वस्तरा खाली पडला. आवाज ऐकून शर्वरी आली, तेव्हा तो आरशातून तिच्याकडे बघत होता. तोंड हलत होतं. आवाजही येत होता, चढउतारासकट, अगदी बोलल्यासारखा. पण त्यात एकही शब्द नव्हता.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी वेळेत काढली. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समोरच्याचं सगळं कळत होतं, आत काय म्हणायचंय तेही ठाऊक होतं. फक्त त्यावर शब्द चढत नव्हता. जे सापडलं होतं ते आतच राहिलं.

ते आत राहून चालणार नव्हतं. नांदवेळ हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं गाव. गेल्या काही वर्षांत समुद्र इतका वर आला होता की उधाणाच्या दिवशी पाणी चुलीपर्यंत यायचं. सरकारनं आधी दूर सड्यावर, वरच्या कातळपठारावर, जागा देऊ केली. मासेमारी करणारी ती माणसं म्हणाली, तिथं होड्या काय कातळावर चालवायच्या? मग ठरलं की किनाऱ्यावरच उंच बांधायचं, सगळी वस्ती एका इमारतीत न्यायची. काम हृषीकेशकडे आलं. त्यानं चाळीस मजल्यांचा आराखडा केला. ग्रामसभेत त्याचं चित्र लावलं, वर लिहिलं होतं 'नांदवेळ टॉवर'. माणसं आली, चित्राकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता उठून गेली. विरोध केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तो आठवड्यातून दोन-तीनदा एकटाच नांदवेळच्या पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत जाऊन बसायला लागला. आणि त्या संध्याकाळी 'सापडलं' म्हणत घरी आला होता.

पुढची ग्रामसभा वर्षभरानं होती. तेव्हाही गावानं नकार दिला, तर मंजुरी रद्द होऊन सगळ्यांना सड्यावर जावं लागणार होतं.

*

डॉक्टर शहनाज मुकादम यांनी 'पट्टी'बद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा शर्वरीचा विश्वास बसला नाही.

"कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ पडदा असतो," डॉक्टर म्हणाल्या. "तो मेंदूवर बसवायचा. कानामागं एक बटण. सरांचे शब्द गेलेत, अर्थ गेलेले नाहीत. एखाद्या गोष्टीचा विचार आला की मेंदूत ठिकठिकाणी हालचाल होते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. प्रत्येक अर्थाची रांगोळी वेगळी. पट्टी ती रांगोळी वाचते आणि बटण तिचा शब्द बोलतं."

"कुणाच्या आवाजात?"

"तुमच्याकडे त्यांचे जुने निरोप असतील ना फोनवर?"

वर्षानुवर्षांचे निरोप होते. शर्वरीनं ते कधी पुसले नव्हते.

शस्त्रक्रिया झाली. सुरुवातीचे काही आठवडे बटणातून नुसते तुकडे यायचे. मग एका सकाळी, ती उशा नीट करत असताना, पाठीमागून त्याचा आवाज आला. "शर्वरी, खिडकी उघड."

तिनं खिडकी उघडली आणि बराच वेळ बाहेरच बघत राहिली. वळून त्याच्याकडे बघायचा धीर होईना. त्याचे ओठ मिटलेले असणार हे तिला माहीत होतं.

पण दिवस गेले तशी ती रुळली. घरात पुन्हा बोलणं आलं. ती स्वयंपाकघरातून काहीतरी विचारायची, तो पडवीतून उत्तर द्यायचा. फोनवर तर कुणाला फरकही कळायचा नाही. ती इतकी खूश होती की शेजारणी म्हणायच्या, शर्वरी, तूच बरी झाल्यासारखी दिसतेस.

फरक तिला हळूहळू कळायला लागला. जेवताना तो म्हणाला, "डाळ छान झाली आहे." या घरात तिला कुणी कधी डाळ म्हटलं नव्हतं; ती आमटी होती. सड्यावरून जाताना गाडीतून म्हणाला, "खडक काळा आहे." जन्मभर कातळ म्हणणारा माणूस! एकदा ती उशिरा घरी आली तेव्हा म्हणाला, "मला काळजी वाटत होती." तिला वाटलं, हा 'हुरहूर' म्हणाला असता. काळजी आणि हुरहूर यांत केवढं अंतर आहे.

तिचं सगळं आयुष्य शब्दांत गेलं होतं. दोन शब्दांचा अर्थ एकच असतो, हे तिला कधीच पटलं नव्हतं. तिनं डॉक्टरांना फोन केला.

"बरोबर आहे तुमचं," डॉक्टर म्हणाल्या. "असं बघा, सारख्या अर्थाचे शब्द मेंदूत एकाच आळीत राहतात. पट्टीला आळी सापडते. नेमकं घर सापडत नाही. मग ती त्या आळीतल्या सगळ्यात गजबजलेल्या घराचं दार वाजवते. लाखो माणसं जो शब्द वापरतात, तो."

"आणि ज्या घरी त्याला जायचं असतं, ते?"

"ते राहून जातं," डॉक्टर म्हणाल्या.

*

सगळ्यात जास्त अडायचं ते एकाच जागी.

नांदवेळचा विषय निघाला की हृषीकेशचे डोळे चमकायचे. तो पुढं झुकायचा, डावा हात वर न्यायचा, आणि बटण म्हणायचं, "टॉवर." लगेच तो जोरजोरानं मान हलवायचा. नाही, नाही. पुन्हा हात वर. पुन्हा "टॉवर". उजव्या हातानं चित्र काढता येत नव्हतं आणि डाव्या हाताच्या रेषा वळवळत जायच्या. शेवटी तो कागद चुरगाळून टाकायचा.

एका रविवारी शर्वरीनं खुर्ची ओढली आणि त्याच्यासमोर बसली. "मी एकेक शब्द म्हणते. तू नुसतं हो-नाही कर."

त्यानं मान डोलावली.

"मनोरा?"

नाही. तिलाही ते पटलं. मनोरा एकटा उभा असतो. त्यात कुणी भात शिजवत नाही.

"बुरूज?"

त्यानं तोफ डागल्यासारखं केलं. दोघंही हसली.

"मिनार? शिखर?" नाही. तिथं देवाचं काम, माणसांचा संसार नाही. "दीपमाळ?" यावर तो जरा थांबला. चित्र त्याला आवडलेलं दिसलं, पण मान हललीच.

"गगनचुंबी इमारत?"

यावर तो इतका हसला की त्याला खोकला आला. "खरंच," ती म्हणाली, "हा शब्द मी नुसता वाचलाय. 'आम्ही गगनचुंबीत राहतो' असं म्हणताना आजवर कुणाला ऐकलं नाही. उत्तुंग? बहुमजली?" त्यानं तोंड वाकडं केलं. "मग काय रे? माडी?"

तो एकदम ताठ बसला. घशातून त्याचा स्वतःचा, खराखुरा आवाज आला. "म... म..."

"माडी? घराची माडी, वरचा मजला?"

नाही. हो. नाही. त्यानं डोळे गच्च मिटले. कपाळावर घाम आला. बटण शांतपणे म्हणालं, "टॉवर." मग म्हणालं, "मी दमलो आहे."

त्या दिवशी तिनं तो खेळ थांबवला.

*

दिवाळी होऊन गेल्यावर एकदा हृषीकेशच्या ऑफिसातली मंडळी घरी आली. ग्रामसभा जवळ येत होती. जुनाच आराखडा थोडा सुधारून न्यावा, असं त्यांचं म्हणणं होतं. हृषीकेशनं त्यांचं ऐकून घेतलं. मग डाव्या हातानं पेन्सिल घेतली आणि हळूहळू कागदावर एक उभा चौकोन काढला. त्यात खिडक्यांचे छोटे चौकोन काढले.

"टॉवर," बटण म्हणालं. "छान आहे."

शर्वरी त्याच्या मानेकडे बघत होती. मान हलली नाही.

मंडळी खुशीत गेली. ती मात्र दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन बसली.

डॉक्टरांनी तिच्याकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "याची मला भीती होती. पट्टी मेंदूकडून शिकते, तसा मेंदूही पट्टीकडून शिकतो. आपण एक वाट सारखी चाललो की ती रुंद होते आणि बाजूच्या वाटांवर गवत वाढतं. सर रोज एका गोष्टीचा विचार करतात आणि रोज कानावर दुसरा शब्द पडतो. आता विचारच त्या शब्दाकडे सरकायला लागलाय."

"म्हणजे त्याला जे सापडलं होतं..."

"अजून असेल. पण उद्या असेल का, हे मला सांगता येणार नाही."

निघताना डॉक्टरांनी विचारलं, "झोपताना बटण काढून ठेवता ना?"

"हो. का?"

"जागेपणी काय बोलायचं ते माणूस निवडतो. झोपेत निवडत नाही. तेव्हाचं बोलणं त्याचं एकट्याचं. म्हणून काढून ठेवायचं."

*

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी जेवून हृषीकेश पडवीतल्या आरामखुर्चीत पेपर वाचता वाचता झोपला. बटण काढायचं राहून गेलं. शर्वरी आतून ते काढायला आली, त्याच्या कानापाशी वाकली, आणि बटण बोलायला लागलं.

"ओलं... वाळू, वाळूच्या खाली वाळू... आई कुठं गेली... झाप... झावळी वाजतेय..."

तिचा हात तसाच थांबला. हा आवाज नेहमीसारखा सपाट नव्हता. शब्द एकमेकांत मिसळत होते. 'झावळी' म्हणाला होता तो! पट्टीनं हा शब्द आजवर एकदाही दिला नव्हता.

असं का झालं ते तिला पुढं डॉक्टरांकडून कळलं. जागेपणी विचार एका टोकाकडे जातो आणि पट्टी त्या टोकाची वाट बघते. स्वप्नाला टोक नसतं. पाण्यावर तेल पसरावं तसा एक अर्थ दुसऱ्यावर पसरत जातो, आणि पट्टीला मिळेल त्या घराचं दार वाजवत धावावं लागतं. गजबजलेलं घर शोधायला तिला सवड मिळत नाही.

त्या दुपारी शर्वरीला यातलं काही माहीत नव्हतं. ती खाली फरशीवर बसली आणि ऐकत राहिली. बाहेर ऊन पिवळं होत गेलं. तो पाण्यातून चालत होता, कुणाला तरी हाका मारत होता, मग पाणी नव्हतं, नुसता वारा होता. ती त्याच्या पाठोपाठ चालत असल्यासारखी. लग्नानंतर इतकी वर्षं एका घरात राहूनही त्याच्या स्वप्नातल्या या गावात ती कधी आली नव्हती.

तो जागा व्हायच्या आत तिनं बटण काढलं.

दुसऱ्या दुपारी ती ते विसरली नाही. मुद्दामच बटण कानामागं राहू दिलं. तिसऱ्या दुपारीही. कामं सकाळी उरकून घ्यायची, जेवणं लवकर करायची, आणि तो झोपला की खुर्चीपाशी बसायचं. डॉक्टरांचं वाक्य तिच्या कानात असायचं. 'त्याचं एकट्याचं.' एवढा शब्द सापडू दे, मग थांबते, असं ती स्वतःला सांगायची. खरं म्हणजे तेवढ्यासाठीच ती बसत नव्हती. त्या आवाजात तिला तिचा हृषीकेश भेटत होता, आमटी म्हणणारा.

एका दुपारी वारा जास्त होता. बटण कुजबुजल्यासारखं म्हणत होतं, "वाकतो... मोडत नाही... मुळं बारीक, शंभर मुळं, वाळूला धरून... बुंधा मोकळा... पाणी आलं, गेलं... डोक्यावर सगळं घर, झावळ्यांत... हलतंय, हलू दे..."

शर्वरीला उमगलं. माडी नव्हे. माड! नारळाचा माड. म्हणून तो 'माडी'वर ताठ बसला होता. त्याला वाळूत उभा राहणारा, वाऱ्यात वाकणारा आणि पायाशी पाणी खेळवणारा माड बांधायचा होता.

ती आनंदानं उठणार, इतक्यात बटण पुन्हा बोललं. आवाज अगदी लहान झाला होता.

"हे काढा... मला मुकं करा परत... हा माझा नाही, कुणीतरी बोलतो माझ्यात... तिला सांगू नका. ती खूश आहे. शर्वरीला सांगू नका."

*

दोन दिवस तिनं ते पोटात ठेवलं. तिसऱ्या सकाळी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माड."

त्यानं पेपर खाली ठेवला.

"माड, हृषी. तुझा टॉवर म्हणजे माड आहे ना?"

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते तिला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. आधी नुसता गोंधळ होता, ओळखीचा माणूस गर्दीत दिसावा आणि नाव आठवू नये तसा. मग तो उठला. तिचा हात धरून त्यानं वर नेला, मनगटातून वाकवला, सोडला, पुन्हा वाकवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "म... मा..." तो म्हणत होता. त्याचे स्वतःचे ओठ, स्वतःचा घसा.

मग तो थांबला. तिचा हात खाली आला. बटणानं विचारलं, "तुला कसं समजलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. अंदाज केला म्हणाली असती तर त्याला खरं वाटलं असतं. तिनं सगळं सांगितलं. दुपारी, झोपेत, रोज. आणि शेवटी म्हणाली, "तू 'शर्वरीला सांगू नका' म्हणालास, तेही ऐकलं मी."

त्याचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा फुगल्या. बटण सौम्यपणे म्हणालं, "मला वाईट वाटले."

ते ऐकून तो आणखीच भडकला. त्यानं कानामागून बटण उपटलं, टेबलावर ठेवलं आणि आतल्या खोलीत निघून गेला.

त्यानंतर त्यानं बटण पुन्हा लावलं नाही. तो तिच्याशी भांडलाही नाही. भांडायला शब्दच नव्हते. ताट वाढलं की जेवायचा, ताट उचलून न्यायचा, तिच्याकडे बघायचा नाही. तिला पहिल्यांदाच कळलं की इतके महिने घर ज्या बोलण्यानं भरलं होतं, ते एकट्या तिच्यासाठी चाललं होतं. तो ते सोसत होता. तिला वाटलं, आपण त्याची चोरी केली. आणि लगेच वाटलं, केली नसती तर माड बुडाला असता. या दोन्हीतलं कुठलंच तिला खोटं वाटेना.

एका संध्याकाळी ती पडवीत बसली होती. तो येऊन शेजारी बसला. बराच वेळ तो तोंडातल्या तोंडात काहीतरी जुळवत होता. तिच्या ओठांवर शब्द आले होते, मदतीला. तिनं ते गिळले आणि वाट बघितली.

"राग," तो अखेर म्हणाला. प्रत्येक अक्षर दगड उचलावा तसं येत होतं. "आहे. पण... बस."

ती आणखी जवळ सरकून बसली.

*

ग्रामसभा नांदवेळच्या शाळेत होती. शाळेच्या पायऱ्यांवर खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग होते. हृषीकेश बटण न लावता आला. ऑफिसातल्या मंडळींचे चेहरे पडले, पण त्यानं कुणाचं ऐकलं नाही.

सगळ्यात पुढं प्रभावती तांडेल बसल्या होत्या. दोन होड्यांच्या मालकीण, गावातलं मोठं माणूस. त्यांनी सरळ सांगून टाकलं, "कुवेसकर साहेब, तुमच्या तब्येतीचं ऐकून वाईट वाटलं. पण टॉवर आम्हांला नको. पेटीत मासे भरतात तशी माणसं भरायची. आमची होडी कुठं बांधायची त्याच्यात?"

हृषीकेश उभा राहिला. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. सभा शांत झाली; त्या शांततेत कीव होती आणि ती त्यालाही कळली. शर्वरी उठायला लागली, तसा त्यानं हात करून तिला बसवलं. मग खुणेनंच त्यानं सगळ्यांना बाहेर बोलावलं.

माणसं कुरकुरत पुळणीवर आली. पाण्याच्या कडेला एक माड उभा होता. आजूबाजूची वाळू वाहून जाऊन त्याची मुळं अर्धी उघडी पडली होती, केसांसारखी, असंख्य. भरती चढत होती आणि लाट बुंध्याला वळसा घालून मागं जात होती. हृषीकेशनं प्रभावतीबाईंचा हात धरून बुंध्यावर ठेवला. वाऱ्याचा झोत आला. माड हलला.

बाईंनी हात काढला नाही.

त्यानं शर्वरीकडे बघून मान डोलावली. माड हा शब्द मिळाल्यावर दोघांनी खुणांनी, हो-नाही करत जुळवलेला आराखडा आता तिनं सांगायला सुरुवात केली. चार जाड खांबांऐवजी वाळूत खोल गेलेले शेकडो बारीक खांब. वादळ आलं की ताठ न राहता वाकणारी, परत येणारी गोल इमारत. तळात एकही घर नाही. घरं सगळी वर, झावळ्यांसारखी बाहेर झुकलेली, आणि सगळ्यांत वर जाळी वाळवायला उघडं अंगण. ती एकेक वाक्य बोलायची आणि त्याच्याकडे बघायची. एकदा त्यानं मान हलवून नाही म्हटलं, तेव्हा तिनं वाक्य मागं घेतलं.

"आणि होड्या?" प्रभावतीबाईंनी पुन्हा विचारलं. या वेळी त्या त्याच्याकडे बघत होत्या.

शर्वरीला उत्तर माहीत होतं. ती गप्प राहिली.

हृषीकेशनं पायाशी आलेल्या लाटेकडे बोट केलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. सगळी वस्ती उभी होती. कुणी हललं नाही.

"पाणी," तो म्हणाला. "येऊ दे. होडी... आत... येऊ दे."

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे घराखालीच बंदर?"

तो हसला. होकार द्यायला त्याला शब्द लागला नाही.

सगळ्यांनी हो म्हटलं असं नाही. काही घरं चिपळूणला नातेवाइकांकडे निघून गेली. एका म्हाताऱ्यानं बुडेन पण हलणार नाही म्हटलं. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा जास्त हात वर होते.

*

इमारत पुरी व्हायला काही वर्षं लागली. दरम्यान हृषीकेशनं डोक्यातली पट्टी काढून घेतली. डॉक्टर मुकादमांनी ती काढताना विचारलं, "नक्की ना, सर?" तो म्हणाला, "नक्की." पुढं त्याच्याजवळ फार शब्द जमले नाहीत, शेदोनशे असतील. जमले ते त्याचे होते. डॉक्टरांनी त्यानंतर प्रत्येक रुग्णासाठी घरच्या माणसांकडून त्याचे खास शब्द आधी गोळा करायला सुरुवात केली, आणि झोप लागताच बटण आपोआप बंद पडेल अशी सोय करून घेतली.

शर्वरीनं इमारतीच्या नावाचा प्रस्ताव सुंदर मराठीत लिहून पाठवला. 'माड' हे नाव मंजूर झालं. दगडात कोरून लावलं.

गावात ते कुणीच वापरलं नाही. सगळे म्हणायचे टॉवर. टॉवरवर राहतो, टॉवरखाली होडी लावली, टॉवरच्या अंगणात बोंबील टाकलेत. शर्वरी आधी दुखावली. एवढं सगळं ज्या शब्दावरून झालं, तोच! हृषीकेशला मात्र याची गंमत वाटायची.

एकदा ती दोघं प्रभावतीबाईंकडे गेली होती, छत्तिसाव्या मजल्यावर. बाई नुकत्याच मुंबईहून डोळ्यांचं ऑपरेशन करून आल्या होत्या, तिथं भाच्याच्या घरी राहून.

"मोठा टॉवर, मोठा टॉवर म्हणून नेलंन मला," त्या सांगत होत्या. "बाय, मला झोप येईल तर शपथ. वारा सुटला तरी मेला जागचा हलत नाही. टोपातलं पाणी आपलं स्वस्थ. भाच्याला म्हटलं, अरे, हा कसला टॉवर? टॉवर हलतो!"

शर्वरी त्यांच्याकडे बघतच राहिली. आजवर तिनं एवढे कोश चाळले होते, पण कुठल्याच कोशात 'टॉवर' या शब्दापुढं असा अर्थ नव्हता. इथं तो रोज बोलला जात होता. तिनं हृषीकेशकडे बघितलं. त्यालाही ते कळलं होतं. तो भिंतीवर तळवा टेकवून हसत होता. भिंतीतून वाऱ्याची हलकी करकर येत होती.

तिघंही वरच्या अंगणात आली. ऊन उतरलं होतं. जाळी वाऱ्यानं फुगत होती आणि समुद्र तांब्यासारखा झाला होता. हृषीकेश कठड्याशी जाऊन उभा राहिला, दूर बघत. त्याला काहीतरी म्हणायचं होतं. हात वर झाला, ओठ जुळायला लागले. प्रभावतीबाई बोलता बोलता थांबल्या. शर्वरीही थांबली. शब्द कुणी पुढं केला नाही. वारा वाहत राहिला, इमारत मंद झुलत राहिली.

"आले," तो म्हणाला.

प्रभावतीबाईंनी नव्या डोळ्यांनी तो दाखवत होता तिकडं पाहिलं. दोन ठिपके खाडीच्या तोंडाकडे वळत होते. बाई लगबगीनं खाली, आपल्या होड्यांकडे निघाल्या.